सिंगापूर–क्वालालंपूर विमानाने: अंतर छोटं, वेळेचा हिशोब मोठा

सिंगापूरचा चांगी विमानतळ ते क्वालालंपूरचा केएलआयए विमानतळ, हवाई अंतर २९७ किलोमीटर. मुंबईहून कोल्हापूरला सरळ रेघ मारली तरी साधारण एवढंच भरेल. अंतर मोजून देणाऱ्या संकेतस्थळांवर प्रवासाची वेळ तासाच्या आत दिसते, तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास. कामानिमित्त गेले काही महिने माझी या मार्गावर ये-जा चालू आहे, आणि भरवसा ठेवायचा तो तिकिटावरच्या वेळेवर. कारण त्यात गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचं सगळं धरलेलं असतं. विमान हवेत असतं पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. उरलेला वेळ जमिनीवरच सरकण्यात जातो. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गांपैकी हा एक, त्यामुळे संध्याकाळी उड्डाणासाठी रांग लागतेच. एप्रिल ते नोव्हेंबर पहाटे-सकाळी सुमात्राकडून वादळी पावसाचे पट्टे येतात, तेव्हा तर बोलायलाच नको.

वर गेल्यावर फारसं काही घडत नाही. सीटबेल्टचा दिवा विझतो, ज्यूस आणि दाण्यांची पुडी हातात येते, आणि पुडी अर्धी संपते न संपते तोच रिकामे ग्लास गोळा करायला मंडळी परत हजर. खाली पामच्या बागांच्या आखीव ओळी दिसायला लागल्या की उतरायची तयारी.

चांगीच्या टर्मिनल १ ते ३ मध्ये सुरक्षा तपासणी गेटपाशी होते. पाण्याची बाटली तिथेच रिकामी करावी लागते, आणि बऱ्याच गेटांवर आत गेल्यावर स्वच्छतागृह नसतं. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधीच उरकून घ्या.

खरी गोम पलीकडे आहे. केएलआयए सेपांगला आहे, शहराच्या दक्षिणेला, म्हणजे सिंगापूरच्याच बाजूला. उतरल्यावर केएल सेंट्रल, म्हणजे शहरातलं मुख्य रेल्वे स्थानक, ५७ किलोमीटर. एक्सप्रेस ट्रेन टर्मिनल १ वरून २८ मिनिटांत नेते, टर्मिनल २ वरून ३३ मिनिटांत. त्यात इमिग्रेशनची रांग, चांगीला दीड तास आधी पोहोचणं आणि घर ते चांगी हे सगळं धरलं की चार-साडेचार तास होतात. सिंगापूर ते क्वालालंपूर हा सगळा प्रवास बस पाच-सहा तासांत करते आणि तिकीट बरंच स्वस्त. शहरात जायचं असेल आणि मधला वार असेल, तर मी बसचाच विचार करीन. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शाळांच्या सुट्ट्यांत मात्र चुकूनही नाही. तुआसच्या सीमा नाक्यावर किती वेळ जाईल ते देवालाच ठाऊक. या दोन शहरांमधली ठरलेली बुलेट ट्रेन झाली असती तर नव्वद मिनिटांत मोकळे झालो असतो, पण तो दोन देशांमधला करार २०२० च्या ३१ डिसेंबरलाच बारगळला.

माझं काम सायबरजायात, म्हणजे शहर आणि विमानतळ यांच्या मधल्या गावात, म्हणून मला विमानच परवडतं. केएलआयए ट्रान्झिट ही मधल्या स्थानकांवर थांबणारी ट्रेन विमानतळावरून वीसेक मिनिटांत पुत्रजाया-सायबरजाया स्थानकावर सोडते, शहरात जायची गरजच पडत नाही. सेरेम्बान, निलाई भागात जाणाऱ्यांनाही विमानतळ जवळ पडतो.

जाताना मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड आणि येताना सिंगापूरचं, दोन्ही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की सरळ बंद करा.