एका हातात पलटण: कॉन्ट्रास्ट जातीच्या रंगांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

२०१९ साली युद्धखेळांच्या छोट्या मूर्ती बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपने सिटाडेल कॉन्ट्रास्ट रंग बाजारात आणले तेव्हा दावा साधा होता: पांढुरक्या प्रायमरवर, म्हणजे मूर्तीला आधी देतात त्या अस्तरावर, रंगाचा एकच हात मारा, सावली आणि उजेड आपोआप उमटतील. मग आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले, व्हॅलेहोचे एक्सप्रेस कलर आले, आणि आता मिनी, म्हणजे अशा छोट्या मूर्ती, रंगवणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर या जातीची एखादी तरी बाटली असतेच. मी या तिन्ही कंपन्यांचे रंग गेले कित्येक महिने २८ मिलिमीटरच्या नेपोलियनकालीन फ्रेंच पायदळावर आलटून पालटून वापरते आहे. म्हणजे निळे कोट, पांढरे पट्टे, काळे शॅको (उंच, नळकांड्यासारख्या टोप्या) आणि एकाच साच्यातून निघालेले शिपाई ढिगाने. रंगाचा खरा कस अशाच कामात लागतो. एखादा सेनापती काय, सवड असली की कुठल्याही रंगाने देखणा होतो. विसाव्या शिपायाच्या कोटाला ब्रश लावताना कंटाळा येतो की नाही, ते महत्त्वाचं.

आधी निकाल सांगून टाकते. वेळ वाचतो, भरपूर वाचतो. पण काम नाहीसं होत नाही. ब्रशच्या टोकावरून उठून ते प्रायमरमध्ये आणि बेसमध्ये, म्हणजे मूर्ती उभी असते त्या पाटीत, जाऊन बसतं. तिथे हात आखडता घेतला तर हे रंग मळकट दिसतात, आणि दोष मात्र बाटलीला जातो.

या रंगात रंगद्रव्य पातळ, वाहत्या माध्यमात असतं. उंचवट्यावरून ते ओघळतं आणि खळगीत साचतं. त्यामुळे मूर्तीच्या पृष्ठभागाला जेवढा चढउतार, तेवढा परिणाम चांगला. ग्रेटकोट, म्हणजे लांब जाड ओव्हरकोट, घातलेला शिपाई या रंगांसाठीच घडवलाय असं वाटतं. चुण्यांच्या पोटात रंग गडद होतो, कडा उजळ राहतात. आणि इथे इतिहासही आपल्या बाजूने आहे: फ्रेंच शिपायांचे ग्रेटकोट राखाडी, तपकिरी, मळकट पिवळसर असे नाना छटांचे असत. त्यामुळे तीनचार बाटल्या एकाच तुकडीत वाटून टाकल्या की तुकडी मोहिमेवरून आल्यासारखी दिसते. पाठीवरच्या केसाळ कातड्याच्या पिशव्या, ग्रेनेडियरच्या, म्हणजे निवडक शिपायांच्या, अस्वली टोप्या, घोड्यांची आयाळ, मांसल हात, चेहरे, इथेही एका हातात काम फत्ते. घोड्यांचं तर विशेषच. फिकट तपकिरी थरावर गडद तपकिरी कॉन्ट्रास्ट मारला की स्नायू स्वतःहून उठून येतात.

सपाट जागी मात्र हेच रंग रडवतात. तोफगाड्याच्या बाजूच्या फळ्या घ्या. फ्रेंच तोफगाडे हिरवट ऑलिव्ह रंगाचे. तो रंग बाटलीत सुंदर दिसतो, फळीवर वाळला की मधे फिकट आणि कडेला काळपट डाग. झेंडे, ढोलाच्या बाजू, घोड्याच्या खोगिरावरचं कापड, सगळीकडे हेच. अशा जागांना मी आता सरळ जुन्या पद्धतीचा अपारदर्शक रंग देते, वर पातळ वॉश (खळग्यांत सावली धरणारा रंग), मग कडेला हायलाइट (उजळ रेघ). जाहिरातीत अख्खी मूर्ती एकाच जातीच्या रंगाने रंगवलेली दाखवतात, तसं करण्याचा हट्ट धरू नये.

हात मारायची रीत एकदा बसली की बसली. कोटावर ब्रश भरून रंग सोडायचा, वरून खाली, मधे न थांबता. मग लगेच दुसरा ओलसर, स्वच्छ ब्रश घेऊन कोटाच्या खालच्या काठाला आणि काखेत साचलेला जादा थेंब टिपून घ्यायचा. त्यानंतर हात मागे. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रश फिरवला तर रंग फाटतो आणि कप सांडलेल्या कागदावर उमटतो तसा कडा असलेला डाग पडतो. तो पुढे कशानेच पुसला जात नाही, झाकावाच लागतो. पातळ करायचा तर त्याच कंपनीच्या माध्यमाने. पाणी जास्त झालं की रंग तुटतो, ठिपके पडतात. वेट पॅलेटवरही (रंग ओला ठेवणाऱ्या, ओल्या कागदाच्या ताटलीवर) हे रंग घेऊ नयेत, खालचा कागद पाणी सोडत राहतो आणि रंगाची धार जाते. साधी चिनी मातीची बशी पुरते.

ब्रशाबाबत एक दिलासा. या कामाला कोलिन्स्की, म्हणजे नैसर्गिक केसांचा महागडा ब्रश, लागत नाही. जाडसर पोटाचा सिंथेटिक ब्रश जास्त रंग धरतो आणि टोक वाकडं झालं तरी बिघडत नाही. कोलिन्स्की चेहऱ्यांसाठी आणि बटणांसाठी राखून ठेवा. धातूचा रंग सगळ्यात शेवटी, वेगळ्या पाण्यात. नाहीतर त्यातली चमकी पुढच्या प्रत्येक शिपायाच्या चेहऱ्यावर चढते.

आता पांढरे पट्टे. छातीवरून तिरके जाणारे हे दोन पट्टे म्हणजे नेपोलियनकालीन मूर्ती रंगवणाऱ्यांची कायमची डोकेदुखी. कॉन्ट्रास्टचा निळा कोटावर मारताना तो पट्ट्यावर चढणारच. मी चढू देते. वाळल्यावर पट्टा आधी फिकट राखाडी अपारदर्शक रंगाने, मग वरच्या बाजूला पांढऱ्याची एक बारीक रेघ, आणि दोन्ही कडांना खालचा निळा दिसत राहील एवढी जागा सोडायची. ती गडद कडच पट्ट्याला उठाव देते. एका कंपनीच्या सुरुवातीच्या बाटल्यांमधला रंग वाळल्यावरही ओल्या ब्रशाने पुन्हा सुटायचा आणि माझ्या पहिल्या तुकडीचे पट्टे त्यामुळे आकाशी झाले होते. नव्या बाटल्यांत हा त्रास मला दिसला नाही. तरी जुनी बाटली कुणाकडून स्वस्तात मिळत असेल तर आधी एका टाकाऊ मूर्तीवर तपासून बघा: रंग मारा, एक रात्र वाळू द्या, मग पांढरा फिरवा.

प्रायमरचा रंग इथे निम्मा निकाल ठरवतो, कारण वरचा रंग पारदर्शक आहे. शुद्ध पांढऱ्यावर निळा थंड आणि खडूसारखा येतो. किंचित पिवळसर हस्तिदंती प्रायमरवर लाल, तपकिरी आणि कातडीचे रंग जिवंत होतात. राखाडीवर निळा-हिरवा शांत बसतो. काळ्या प्रायमरवर आधी राखाडी, मग पांढरा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशाने फक्त उंचवट्यांना रंग) आणि वर हे रंग, ही स्लॅपचॉप नावाने गाजलेली रीतही मी एका तुकडीवर चालवली. गडद कोट आणि शस्त्रं झकास होतात. लाल-पिवळ्याचं मात्र मातेरं होतं, म्हणजे ग्रेनेडियरचे लाल एपॉलेट (खांद्यावरचे झालरीचे बिल्ले) तर गेलेच. हवा दमट असेल तर स्प्रे प्रायमर हातातही घेऊ नका. मूर्तीवर बारीक रवाळ थर बसतो. हे पातळ रंग त्या प्रत्येक कणाला सावली देतात. साच्याची शिवण, म्हणजे मोल्ड लाइन, तीही हे रंग चव्हाट्यावर आणतात. जाड रंगाखाली ती कशीबशी दडते, इथे नाही. रंगकामाच्या आधी पात्याच्या पाठीने खरवडण्यात जाणारा वेळ कमी धरू नका.

टिकाऊपणाला मी बरे एवढेच गुण देईन. थर पातळ असल्याने हाताळणीत शॅकोचा माथा, संगिनीचं टोक, गुडघे उघडे पडतात. वार्निश लागतंच. माझा क्रम: आधी चकचकीत वार्निशचा एक थर संरक्षणाला, मग मॅटचा थर चमक मारायला. मॅटची बाटली अगदी हात दुखेपर्यंत हलवा. त्यातली पूड तळाशी बसते आणि अर्धवट हलवलेलं वार्निश खळग्यांत दुधाळ साचतं. निळ्या कोटावर ते पटकन दिसतं.

आणि आता बेस, ज्यावर लोक शेवटच्या रात्री वाळू फासून मोकळे होतात. टेबलावर तुकडी उभी असते तेव्हा बघणाऱ्याचं अंतर हातभर तरी असतं. त्या अंतरावरून बटणं दिसत नाहीत. दिसतात ते चेहरे, झेंडा आणि जमीन. एकाच जमिनीवर उभ्या असल्या की बऱ्यापैकी रंगवलेल्या मूर्तीसुद्धा सैन्य वाटतात. वेगवेगळ्या बेसवर असल्या तर उत्तम रंगवलेल्याही गर्दी वाटतात.

मी चाळीस मिलिमीटरच्या चौरस बेसवर चार शिपाई उभे करते. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) पातळ बेसला एका बाजूने पाणीदार पीव्हीए (पांढरा डिंक) लावला की तो वाळताना वाकतो, कडा उचलतात. उपाय सोपा: खालच्या बाजूलाही तेवढाच पातळ थर द्यायचा, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा येतो. तयार टेक्स्चर पेस्ट (जमिनीसारखा खरबरीत लगदा) मी महिनाभर वापरली, मग सोडली. चार जणांच्या पायांमध्ये ती दाबून भरताना बुटांवर चढते, आणि जाड थर वाळताना आकसून भेगा पाडते. भेगाळ वाळवंट हवं असेल तर चांगलंच आहे, युरोपातल्या शेतात ते खटकतं. आता पीव्हीए, दोन जाडीची वाळू आणि अधूनमधून सालीचा तुकडा. वाळू एकाच जाडीची असली की बेस सँडपेपरसारखा दिसतो. वाळू बसल्यावर वरून पातळ पीव्हीएचा आणखी एक हात द्या, नाहीतर रंगवताना निम्मी वाळू ब्रशावर येते.

जमिनीला गडद तपकिरी, त्यावर मातकट आणि मग फिकट पिवळसर ड्रायब्रश. ड्रायब्रश करताना शिपायांचे बूट आणि कोटाची खालची कड यांनाही मुद्दाम थोडा लागू द्यायचा. ही धूळ मूर्तीला जमिनीशी जोडते. तिच्याविना शिपाई बेसवर चिकटवलेला दिसतो, जो तो असतोच म्हणा. गवत कमी घाला. स्टॅटिक ग्रासचा, म्हणजे धाग्यांच्या नकली गवताचा, दोन मिलिमीटरचा धागा २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या घोट्याशी शोभतो. सहा मिलिमीटरचा गुडघ्याला लागतो, तो काठाशी एखाददुसऱ्या झुपक्यात बरा. हाताने भुरभुरलेलं गवत आडवं पडतं. विजेच्या उपकरणाने ते उभं राहतं, पण तेवढा खर्च नको असेल तर गवत टाकून बेस उलटा करा आणि खालून टिचकी मारा, बरंचसं उठतं. तयार टफ्ट (गवताचे चिकटवायचे झुपके) देखणे असतात, म्हणूनच त्यांचा अतिरेक होतो. एका बेसवर दोन पुरे, आणि कधीच अगदी मधोमध नको.

बेसची कड सगळ्या सैन्याला एकाच रंगाने. मी गडद तपकिरी ठेवली आहे. काळी कड टेबलावर चौकटीसारखी उठून दिसते, हिरवी कड खेळण्यासारखी. हे माझं मत. यावर वाद घालणारे भेटतीलच.

शेवटचं एक, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी. सैन्य कधीच एका दमात होत नाही. पहिल्या तुकडीनंतर तिसरीला हात लागेपर्यंत महिने जातात, आणि तोवर कोणत्या प्रायमरवर कोणता निळा होता, त्यात माध्यम किती घातलं होतं, काही आठवत नाही. हे रंग प्रायमरच्या छटेवर इतके अवलंबून असतात की अंदाजाने केलेली दुसरी तुकडी शेजारी उभी करताच वेगळ्या फौजेची वाटते. प्रत्येक तुकडीतल्या एका बेसच्या पोटाशी मी प्रायमर, कोट, जमीन आणि कड यांची नावं पेन्सिलीने लिहून ठेवते. तीच बाटली संपून नवी आणली तरी आधी टाकाऊ मूर्तीवर एक हात मारून जुन्या शिपायाशेजारी धरून बघते, आणि मगच पुढच्या रांगेला ब्रश लावते.