कॉट्सवोल्डचं दगडी कॉटेज: राहून बघितल्यावर

ऑक्टोबरपासून आम्ही इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागात, ग्लॉस्टरशरमधल्या एका 17व्या शतकातल्या कॉटेजात भाड्याने राहतोय. दिसायला घर देखणंच आहे, त्यात वाद नाही. पण बायबरी गावातल्या आर्लिंग्टन रो या जुन्या दगडी घरांच्या ओळीसमोर फोटो काढून भाळला असाल तर जरा थांबा. ती ओळ 1380 च्या सुमारास मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधली, विणकर तिथे पुढे 17व्या शतकात राहायला आले. उबेचा विचार मुळात कोणी केला असेल, असं वाटत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते छप्पर. कौलं नाहीत, दगडाच्याच चिपा. वळचणीला मोठ्या आणि जाड, आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या. त्यांच्यातून पाणी आत शिरू नये म्हणून उतार चांगलाच उभा, आणि वजन तर विचारूच नका. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोन्सफील्डला अशा चिपा काढायला थंडीलाच कामाला लावत. खाणीतला ओला दगड उघड्यावर मांडायचा, आतल्या पाण्याचा बर्फ झाला की थर सुटे होत.

आता भिंती. जवळपास दोन फूट जाड, आतबाहेर दगड आणि मध्ये भराव. पायाशी ओल अडवणारा थर नाही. भिंतीत ओल शिरणार हे धरूनच ती बांधलेली आहे; दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून ती परत बाहेर जाते. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर पूर्वी कुणीतरी सिमेंटने दरजा भरल्यात. त्या करकरीत शाबूत आहेत, आणि शेजारचा दगड पापुद्र्यांनी सुटतोय. बोट फिरवलं की पिवळी भुकटी हाताला लागते. कोंडलेलं पाणी दगडातच गोठतं, दुसरं काय होणार!

त्यात आपला स्वयंपाक. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, वर घरात वाळत घातलेले कपडे. जानेवारीत उत्तरेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे काळी बुरशी आली. कपाट हातभर पुढे ओढलं, स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवायला लागलो, तेव्हा आटोक्यात आली. थंडी वाजते, पण इलाज नाही.

खिडक्या दगडी दांड्यांच्या, वर पाणी बाजूला काढणारी दगडी पट्टी, आत बसायला ऐसपैस कट्टा. घर ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित असल्यामुळे दुहेरी काच बसवायची तर कौन्सिलची परवानगी हवी. न विचारता असे बदल केले तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. वायफाय शेजारच्या खोलीत पोचत नाही. गावात गॅसची लाइन नाही, टाकीत तेल भरून घर तापवायचं. त्या बिलाची तयारी ठेवा. जून मात्र झकास गेला. बाहेर ऊन तापलं तरी आत पंखा लागला नाही.

भाड्याने घ्यायचंच असेल तर घर फेब्रुवारीत बघा, तेही पाऊस पडून गेल्यावर. आणि दारातून आत जाण्याआधी दरज किल्लीने जरा खरवडून बघा. पांढरट आणि मऊ, म्हणजे चुन्याची असेल तर पुढचं बोला. करडी, टणक, म्हणजे सिमेंटची लागली तर भाडं पाडून मागा.