कुंदा-पनीरचं सांडपाणी: सालींचा अर्क की साधी टाकी?

बेळगाव-खानापुरात कुंदा-पनीरचा छोटा कारखाना चालवणाऱ्याच्या मनात फळांच्या साली आंबवून सांडपाणी साफ करायचं असेल, तर आधी पाटी-पेन्सिल घ्यावी.

कृती सोपी आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. तीन महिने मुरवायचं. सुरुवातीला झाकण रोज सैल करायचं, नाहीतर पिंप फुगतं. रोज 1,000 लिटर सांडपाणी निघतं आणि अर्क 10 टक्के घालायचा धरा. म्हणजे रोज 100 लिटर अर्क, त्याला 10 किलो गूळ, 30 किलो साली, आणि तीन महिन्यांचं मुरवण ठेवायला निदान 9,000 लिटरची पिंपं. गूळ आपल्याच भागात होतो, पण फुकट कोण देतो?

अर्कातली एन्झाइम, म्हणजे पदार्थ तोडणारी द्रव्यं, फार तर दुधातल्या प्रथिनांचे आणि तुपाचे तुकडे करतात. तुकडे पाण्यातच राहतात. ते खाऊन संपवायला जिवाणू लागतात आणि जिवाणूंना हवा. अर्कात स्वतःचीच आम्लं भरपूर, त्यामुळे बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण संपवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, उलट चढू शकतो. शिवाय अननसाच्या सालीतलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं, तुपकट थराला हात लावत नाही. त्याला लायपेज हे तूप-तेल तोडणारं एन्झाइम हवं. ते भाताच्या कोंड्यात असतं, म्हणून तर गिरणीतला ताजा कोंडा लगेच खवट होतो.

दुसरीकडे तूप अडवणारी टाकी आणि पुढे हवेचा ब्लोअर. सुरुवातीचा खर्च जास्त, गाळ उपसावा लागतो, लाईट गेली की वास सुटतो. पण घाण खरोखर कमी होते. बाजारातली जिवाणूंची पावडर हवेशिवाय फारशी चालत नाही.

माझं मत विचाराल तर पनीर गाळून उरलेलं पाणी मोरीत सोडूच नका. त्याचा बीओडी लिटरला 30,000 मिलिग्रॅमच्या वर जातो. नदी-नाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा 30, शेतात 100. म्हशीवाल्याला रोजच्या रोज ताजं द्या, आनंदाने नेईल. उरलेल्या धुण्याच्या पाण्याला टाकी आणि ब्लोअर. अर्काची हौसच असेल तर तूप अडवणाऱ्या टाकीपुरता, थोडा, चुन्याने आंबटपणा मारून वापरा. आणि वासावरून निकाल लावू नका: आंबट वास कुजका वास झाकतो. आधीचा आणि नंतरचा नमुना प्रयोगशाळेत द्या. प्रदूषण मंडळाच्या परवान्यालाही आकडेच लागतात.