मोटरहोमचे चार हायड्रॉलिक पाय : दोन वर्षांच्या वापरानंतर

मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, उतारावर उभे केले की पहिली तक्रार न्हाणीघरातून येते. पाणी जाळीकडे जायचे सोडून भलत्याच कोपऱ्यात साचते. रात्री डोके पायांपेक्षा खाली राहिल्याने झोप मोडते ती वेगळीच. गॅसवर चालणाऱ्या शोषण पद्धतीच्या फ्रिजचे तर याहून नाजूक असते. त्यातील अमोनिया आणि पाण्याचे मिश्रण पंपाविना, केवळ उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांच्या बळावर फिरते. फ्रिज चालू असताना गाडी बराच वेळ कलती राहिली तर बॉयलरच्या नळ्यांत द्रव अडकून तापतो, गंजरोधक रसायन करपते आणि हळूहळू नळ्या बुजतात. अशा अनेक फ्रिजच्या पुस्तिकांत आडव्या दिशेने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश अशी मर्यादा दिलेली असते. चाकांखाली पाचरी सारून एवढे सहज साधते, आणि मी कित्येक वर्षे तेच केले. पण पावसात तीनदा उतरून पाचर सरकवायची आणि दर वेळी आत येऊन पाणसळीतला बुडबुडा पाहायचा, याचा अखेर कंटाळा आला.

गाडी आपोआप समतल करणारी प्रणाली निवडताना तीन पर्याय समोर होते. हवेच्या फुग्यांवरचे सस्पेन्शन मी लवकरच बाजूला ठेवले, कारण ते गाडी उचलते आणि झुकवते खरे, पण आपण आत चाललो की होणारा हेलकावा त्याने थांबत नाही आणि बारीकशी गळती असली तरी सकाळपर्यंत एक बाजू खाली बसलेली असते. ज्यांच्या गाडीला कारखान्यातूनच असे सस्पेन्शन आले आहे त्यांनी मात्र आधी त्याचाच उपयोग करून पाहावा. विजेच्या जॅकमध्ये प्रत्येक पायाला स्वतंत्र मोटर आणि स्क्रू असतो. तो एकदा थांबला की जागचा हलत नाही, तेलाची भानगड नसते. हायड्रॉलिक प्रणालीत एकच पंप व्हॉल्व्हमार्फत चारही पायांना तेल पुरवतो. उचलण्याची ताकद आणि वेग यांत ती सरस असल्याने, आणि माझी गाडी जड असल्याने, मी तीच निवडली.

बटण दाबल्यावर दोन-तीन मिनिटांत गाडी समतल होते, हे पाहून पाहुणे थक्क होतात. खरेदी करताना मात्र बटणाकडे शेवटी पाहावे आणि आधी पायाची लांबी किती वाढते ते विचारावे. दोन आसांमधले अंतर ४ मीटर असेल आणि जमीन पुढे-मागे ३ अंश उतरती असेल, तर दोन्ही टोकांत सुमारे २१ सेंटीमीटरचा फरक पडतो. पाय आधी जमिनीपर्यंत पोहोचणार, मग दबलेल्या स्प्रिंगचा ताण सुटणार आणि त्यानंतर गाडी वर जाणार. म्हणजे माहितीपत्रकातल्या लांबीपैकी बराच भाग उचलण्याआधीच खर्च होतो. माझी प्रणाली अशा जागी निमूटपणे लाल दिवा लावते आणि हात वर करते. तेव्हा जुन्या पाचरी अजून डिक्कीत आहेत, आणि त्या तिथेच राहणार आहेत.

दुसरी गोष्ट ब्रेकची. माझ्या गाडीत, आणि बहुतेक मोटरहोममध्ये, हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचा भाग खोलगट जागी आला आणि प्रणालीने ती चाके अधांतरी उचलली, तर गाडी केवळ चार पायांवर तोललेली राहते आणि उतारावर ती सरकण्याचा धोका असतो. म्हणून तोंड उताराकडे करून उभे राहावे, म्हणजे उचलली गेली तर पुढची चाके उचलली जातील. सेन्सरला कल कळतो, कोणते चाक हवेत आहे ते कळत नाही. निदान माझ्या सेन्सरला तरी नाही.

जमिनीचा अनुभव एका पावसाळी रात्री आला. पायाची थाळी साधारण २० सेंटीमीटर चौरस आहे. तिच्यावर १००० किलो भार आला तर दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो दाब पडतो आणि भिजलेल्या मातीला तो पेलत नाही. पहाटे गाडी एका कोपऱ्यात खचली. निघताना तो पाय चिखलातून सुटेना, आणि पाय खाली असल्याची सूचना देणारी शिट्टी इंजिन चालू होताच वाजू लागली. खोऱ्याने चिखल काढून, पायाला बाजूने हलवत, अर्ध्या तासाने तो वर गेला. आता मी दर वेळी ४० सेंटीमीटर चौरस जाड प्लायवुडचे तुकडे आधी ठेवतो. दाब चौथाईवर येतो आणि थाळी स्वच्छ राहते. पाय वर गेल्यावर सरळ दांड्यावरची माती फडक्याने पुसणे हेही तितकेच महत्त्वाचे, कारण तीच माती आत ओढली जाऊन सील खाते. थंड रात्री तेल आकसल्याने कधी कधी पाय किंचित बसतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. पहिल्यांदा मी दचकून उठलो होतो, आता लक्ष जात नाही.

वजनाची बाब विक्रेते हळूच सांगतात. चार पाय, पंप, तेल आणि कंस मिळून माझ्या गाडीवर ७० किलोंहून अधिक भार वाढला. जिथे साध्या परवान्यावर ३५०० किलोंपर्यंतच वाहन चालवता येते तिथे लहान गाडीत एवढ्या वजनाचे सामान घरी ठेवावे लागेल, आणि अशा मालकांना मी हा खर्च करू नका असेच सांगेन.

माझी एकच खरी तक्रार जोडणी करणाऱ्याबद्दल आहे. बॅटरी बसली तर पाय वर घेण्यासाठी पंपावर हाताने चालवायची सोय असते. त्याने तो पंप गाडीच्या पोटाखाली अशा जागी बसवला की तिथे पोहोचायला चिखलात पाठीवर झोपावे लागते. तेवढीच जागा असलेली एक पेटी शेजारी, दाराआड, रिकामी होती. शून्य पातळीही, म्हणजे प्रणालीने ‘समतल’ कशाला म्हणायचे ती खूण, त्याने अंदाजानेच नोंदवली होती, त्यामुळे पहिले दोन महिने प्रणाली ‘समतल’ म्हणायची आणि पाणी तरीही कोपऱ्यात साचायचे. मग फ्रिजच्या तळावर पाणसळ ठेवून ती मी स्वतः नव्याने नोंदवली. पंप मात्र अजून पोटाखालीच आहे.