3×1 मिमी एन52 चुंबकं: घ्यावीत, पण पारखून

ऑनलाइन पाकिटात मिळणाऱ्या 3 मिमी व्यासाच्या, 1 मिमी जाडीच्या निओडिमियम चकत्या कंपनातून वीज काढणाऱ्या छोट्या जनित्राला चालतात का? पहिल्या मॉडेलला मजेत चालतात. मात्र ‘एन52’ (चुंबकाच्या ताकदीची श्रेणी, आकडा मोठा तितका माल जोरदार) या छापासाठी जास्त पैसे मोजत असाल, तर तो आधी तपासा.

तपासणी किचकट आहे. एन52 चकतीच्या तोंडाशी, मधोमध, साधारण 4000 गॉस (चुंबकक्षेत्राचं एकक) मिळायला हवेत, एन35ला 3300. चुंबकक्षेत्र मोजणारा नेहमीचा 49ई हॉल सेन्सर हजार गॉसच्या आसपासच दम तोडतो, म्हणून तो 3 मिमी लांब ठेवावा लागतो. तिथे एन52चे सुमारे 300, एन35चे 250. गोची अशी, की अंतर अर्धा मिमी वाढलं तर अस्सल एन52सुद्धा 215वर येतं आणि नकली ठरतं! हातात धरून घेतलेलं माप कुचकामी. ठरावीक जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा मध्ये ठेवा आणि खात्रीच्या चुंबकाशी तुलना करा.

निकेल-तांबं-निकेलचा मुलामा 15 मायक्रॉन धरला, तर या मापात 5 टक्के चुंबकीय माल कमी होतो. याच मालातलं 1×0.5 मिमी घेतलंत तर 12 टक्के, शिवाय कापताना पृष्ठभागाचे कण दुखावतात तो तोटा वेगळा. ते माप घेऊ नका. मुलामा उडालेली चकतीही बाजूला काढा, ती गंजून भुकटी होते.

चकत्या ज्या थरथरणाऱ्या पट्टीवर बसवायच्या, ती पोलादी नको, चुंबकरेषा तीच गिळते. बेरिलियम-कॉपर किंवा फॉस्फर ब्राँझ घ्या. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या 2007च्या जनित्रात बेरिलियम-कॉपरच्या पट्टीवर चारच चुंबकं होती. 0.15 घन सेंमीत, 52 हर्ट्झला 46 मायक्रोवॅट. अपेक्षा तेवढ्याच ठेवा.

चकत्यांवर ध्रुवाची खूण नसते. गठ्ठा सोडवण्याआधी एका बाजूला मार्करचा ठिपका द्या. चिमटा पितळी किंवा प्लास्टिकचा घ्या, नाहीतर चकत्या उडून एकमेकींवर आपटतात आणि कडा फुटतात. झटपट चिकटणारा गोंद सततच्या कंपनाने सुटतो. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, खोलीच्या तापमानाला सुकणारं दोन भागांचं इपॉक्सी लावा. ओव्हनमध्ये सुकवायचा मोह टाळा: एन52ची 80 अंश सेल्सिअसची मर्यादा जाड चुंबकासाठी आहे, एवढी पातळ चकती त्याआधीच ताकद गमावू लागते.