विषशास्त्राच्या संशोधकांसाठी आय.एच.सी. सेवा : पुण्यातील एका प्रयोगशाळेचा सव्वा वर्षाचा अनुभव

पिकांवर फवारल्या जाणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा यकृतावर आणि मूत्रपिंडावर दीर्घकाळात काय परिणाम होतो, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना जी विषबाधा झाली, तिच्यानंतर मी या विषयाकडे वळले. आमच्या विभागात पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) बनवण्याची आणि एच. अँड ई. या नेहमीच्या रंगांनी स्टेनिंगची सोय आहे, परंतु इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची (आय.एच.सी., म्हणजे ऊतीतील ठरावीक प्रथिनाला अँटिबॉडी चिकटवून ते रंगाने दाखवण्याची पद्धत) नाही. त्यामुळे गेले सव्वा वर्ष मी हे काम पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेकडून करून घेत आहे. असे काम बाहेर देण्याच्या विचारात असलेल्या संशोधकांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

नमुने स्वीकारण्यापूर्वी ही प्रयोगशाळा दोन पानांचा एक अर्ज भरून घेते. प्राणी कोणता, नर की मादी, अवयव काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकेपर्यंत किती वेळ गेला, तुकड्याची जाडी किती होती आणि तो फॉर्मॅलिनमध्ये किती तास राहिला, हे सर्व त्यात विचारलेले असते. सुरुवातीला मला हा निव्वळ सोपस्कार वाटला होता. माझ्या पहिल्याच खेपेतील सहा मूत्रपिंडे मात्र दिवाळीच्या सुट्टीमुळे २४ ते ४८ तासांऐवजी तब्बल नऊ दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहिली होती, आणि ते मी अर्जात लिहिल्यावर दुसऱ्याच दिवशी तेथील पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. "मॅडम, हे सहा ब्लॉक बाकीच्यांबरोबर थेट लावायला नकोत. तुमची हरकत नसेल तर आधी दोनांवर व्हिमेंटिन करून बघू," असे ते म्हणाले. फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांमध्ये आडवे बंध तयार होतात आणि अँटिबॉडी जिथे बसायची ती जागा झाकली जाते. १९९१ पासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार स्लाइड बफरमध्ये तापवून ती जागा पुन्हा उघडी करावी लागते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत व्हिमेंटिन हे प्रथिन असतेच, त्यामुळे तेच फिकट दिसले तर दोष फिक्सेशनचा (फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्याचा) आहे, विषाचा परिणाम नव्हे, हे आधीच कळते. दोन्ही स्लाइड फिकट आल्या. सहाही नमुने मोजणीतून वगळावेत, असा लेखी सल्ला त्यांनी दिला आणि त्या स्लाइडचे बिल लावले नाही. नमुने कमी झाल्याचे मला दुःख झाले, कारण प्राण्यांवरील प्रयोगात तोच अवयव पुन्हा मिळत नसतो. पण ते सहा नमुने मोजणीत राहिले असते, तर माझा निष्कर्षच चुकला असता.

अँटिबॉडीच्या निवडीत या लोकांचा हात धरणारे मला तरी अजून कोणी भेटलेले नाही. पेशींचे विभाजन मोजण्यासाठी के.आय.-६७ (विभाजित होणाऱ्या पेशींतील प्रथिन) हवे, एवढेच मी कळवले होते. रुग्णालयांत माणसाच्या गाठींसाठी सर्रास वापरला जाणारा एम.आय.बी.-१ हा क्लोन (अँटिबॉडीचा विशिष्ट प्रकार) उंदरांच्या ऊतींवर भरवशाचा नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले आणि सशापासून बनवलेला एस.पी.-६ हा क्लोन सुचवला. शिवाय प्रत्येक स्लाइडवर यकृताच्या सेक्शनशेजारी (ऊतीच्या पातळ कापाशेजारी) त्याच जातीच्या उंदराच्या लहान आतड्याचा एक छोटा सेक्शन बसवला. सूक्ष्मदर्शकाखाली आधी तिकडे पाहायचे: आतड्याच्या खोलगट घड्यांतील (जिथे पेशींचे विभाजन सतत चालते) केंद्रके गडद तपकिरी आणि वरच्या टोकांवरील निळी दिसली, की स्लाइड विश्वासार्ह आहे असे समजून यकृताकडे वळायचे. निदानकेंद्रात रोज माणसाचे नमुने करणाऱ्यांकडून ही काळजी सहसा घेतली जात नाही.

विषशास्त्रात आणखी एक अडचण असते. विषाने मेलेला पेशींचा भाग कोणतीही अँटिबॉडी शोषून घेतो आणि तपकिरी दिसतो. यकृतातील लिपोफसिन हे रंगद्रव्यही मुळातच तपकिरी असते. म्हणून क्लीव्हड कॅस्पेस-३ (पेशी स्वतःहून मरत असल्याची खूण) साठी पाठवलेल्या प्रत्येक ब्लॉकमागे त्यांनी लगतच्या सेक्शनवर आयसोटाइप कंट्रोल (लक्ष्याला न चिकटणारी, तुलनेसाठीची अँटिबॉडी) आणि एक एच. अँड ई. स्लाइड दिली. यकृत आणि मूत्रपिंड या दोन्ही अवयवांत बायोटिन भरपूर असल्याने जुनी अॅव्हिडिन-बायोटिन पद्धत (जिच्यात ऊतीतले बायोटिनही रंगते) न वापरता ते बायोटिनवर अवलंबून नसलेली पॉलिमर पद्धत वापरतात, हेही योग्यच आहे. मूत्रपिंडासाठी किम-१ (मूत्रपिंडाला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन) लावले. प्राण्यांवरील औषधचाचण्यांमध्ये लघवीतील किम-१ हा निर्देशक २००८ मध्ये अमेरिकेच्या एफ.डी.ए. आणि युरोपच्या ई.एम.ए. या औषध नियामक संस्थांनी मान्य केला. आमच्या उंदरांच्या लघवीत तो वाढलेला होता. तो नेमका कोणत्या नलिकांमधून आला, हे स्लाइडवर दिसले.

आता तक्रार. दुसऱ्या खेपेत नियंत्रण गटाच्या स्लाइड सोमवारी आणि कीटकनाशक दिलेल्या गटांच्या गुरुवारी लावल्या गेल्या. डॅबचा (तपकिरी रंग देणाऱ्या रसायनाचा) रंग किती गडद येईल हे द्रावण, वेळ आणि तापमान यांवर अवलंबून असते, त्यामुळे दोन दिवसांतला फरक कीटकनाशकाच्या मात्रेचा परिणाम म्हणून सहज खपून जातो. प्रत्येक फेरीत सर्व गटांचे नमुने मिसळलेले असणे ही प्राथमिक गोष्ट आहे आणि ती त्यांच्याकडून सुटावी, याचे मला फार वाईट वाटले. अहवालात प्रत्येक स्लाइडसमोर तारीख छापलेली होती म्हणूनच हे माझ्या लक्षात आले. त्यांनी चूक मान्य केली आणि सगळी फेरी विनाशुल्क पुन्हा लावली, परंतु त्यात पाच आठवडे गेले. तेव्हापासून मी नमुन्यांना सांकेतिक क्रमांक देते, गटांची यादी स्वतःकडे ठेवते आणि लावण्याचा क्रम लेखी ठरवून देते. नवीन ग्राहकांनीही हे पहिल्या दिवसापासून करावे.

दर स्लाइडमागे आकारला जातो. त्यांच्या साठ्यात नसलेली अँटिबॉडी मागवावी लागली तर तिची पूर्ण किंमत आपल्याला द्यावी लागते आणि ती यायला महिना सहज जातो. उरलेली कुपी मागितल्यास परत मिळते, पण मागावी लागते. स्कॅन केलेल्या प्रतिमा मात्र त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. साध्या टिफ फाइल हव्या असतील तर आधीच सांगावे.

या प्रयोगशाळेकडे जी.एल.पी. (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) प्रमाणपत्र नाही. कीटकनाशकाच्या नोंदणीसाठी सरकारकडे सादर करायची माहिती असेल, तर एन.जी.सी.एम.ए.ने (हे प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) प्रमाणित केलेल्या संस्थेकडेच जावे. प्रबंध, शोधनिबंध किंवा विषाची क्रिया समजून घेण्याचे काम असेल, तर मी निःशंकपणे यांचे नाव सुचवेन. माझे शेवटचे चोवीस ब्लॉक गेल्या आठवड्यात परत आले. प्रत्येकाचा कापलेला पृष्ठभाग मेणाचा पातळ थर देऊन बंद केलेला होता, आणि कोणत्या ब्लॉकमध्ये आणखी किती सेक्शन निघू शकतील याचा अंदाज पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहिलेला होता.