मलाक्का पाहायचे कसे: बसची सहल, पायी फेरी की स्वतंत्र मार्गदर्शक?

क्वालालंपूरहून मलाक्का सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि रस्ता चांगला असल्याने दोन तासांत पोहोचता येते. त्यामुळे मलेशियाच्या सहलीत हे शहर बहुधा ‘एका दिवसात होईल’ या सदरात टाकले जाते. शहर लहान आहे, हे खरे. पण इथला इतिहास एकावर एक थरांनी साचलेला असल्यामुळे कोणता मार्गदर्शक घेतला यावर काय दिसेल हे जितके ठरते, तितके मोठ्या शहरांतही ठरत नाही. म्हणून निवड करण्यापूर्वी शहराची रचना समजून घ्यावी, असे मला वाटते.

मलाक्का नदी शहराचे दोन भाग करते. पूर्वेकडे सेंट पॉल टेकडी आणि तिच्या पायथ्याचा चौक आहे. सुलतान, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या साऱ्यांनी कारभार केला तो इथून. पश्चिमेकडे व्यापाऱ्यांची वस्ती आहे. सुमारे १४०० साली परमेश्वर नावाच्या राजपुत्राने इथे राज्य स्थापले. तो ज्या झाडाखाली विसावला होता त्याचेच नाव त्याने गावाला दिले, अशी आख्यायिका आहे. ते झाड आवळ्याचे, आणि त्याच्या मलाय नावाचा संबंध संस्कृत ‘आमलक’ या शब्दाशी जोडला जातो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर भारताकडून आणि ईशान्य वाऱ्यांवर चीनकडून येणारी गलबते इथे एकमेकांना भेटत आणि परतीचे वारे सुटेपर्यंत व्यापाऱ्यांचा मुक्काम पडे. त्यांच्यासाठी सुलतानाने चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते आणि त्यांपैकी एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांचा होता. पोर्तुगीजांनी शहर जिंकल्यावर लवकरच इथे राहिलेल्या तोमे पिरेश या पोर्तुगीजाने मलाक्कात येणाऱ्या व्यापाऱ्यांची जी लांबलचक यादी लिहून ठेवली आहे, तिच्यात चौल, दाभोळ आणि गोवा ही नावे आहेत. आपल्या किनाऱ्यावरची माणसे इथे पर्यटक म्हणून नव्हे, तर शहराच्या भरभराटीतील भागीदार म्हणून येत होती, ही गोष्ट मराठी प्रवाशाने मनाशी बाळगून जावे.

आता पर्यायांकडे वळू. क्वालालंपूरहून निघणारी बसची सहल सर्वांत सोयीची असते: हॉटेलाजवळून नेतात, जेवण ठरलेले असते, संध्याकाळी परत आणून सोडतात. मात्र जाण्यायेण्यात चार तास आणि जेवणात एक तास गेल्यावर शहरासाठी तीन-चार तासच उरतात, आणि तेही भर दुपारच्या उन्हातले. साहजिकच बस चौकात थांबते, लाल इमारती दाखवल्या जातात, टेकडी चढून उतरवले जाते आणि नदीपलीकडच्या जोंकर स्ट्रीटवर खरेदीसाठी मोकळा वेळ दिला जातो. लाल इमारती कमी महत्त्वाच्या आहेत असे मुळीच नाही: स्टाडथाउस ही सतराव्या शतकातील डच कचेरी आहे आणि शेजारचे ख्राइस्ट चर्च १७५३ साली पूर्ण झाले. पण या सहलीत व्यापाऱ्यांच्या वस्तीची ओळख दुकानांपुरती राहते, आणि माझ्या मते तीच वस्ती मलाक्काचा गाभा आहे.

स्थानिक मार्गदर्शकासोबतची अडीच-तीन तासांची पायी फेरी ही उणीव भरून काढते. तोकोंग आणि तुकांग एमास हे एकाला एक लागून असलेले रस्ते आहेत. त्यांपैकी दुसऱ्याच्या नावाचा अर्थच सोनारांचा रस्ता. सतराव्या शतकात स्थापन झालेले चेंग हून तेंग हे चिनी मंदिर, १७४८ सालची कंपुंग क्लिंग मशीद आणि १७८१ साली डचांनी दिलेल्या जागेवर उभे राहिलेले विनायगर मूर्तीचे, म्हणजे आपल्या गणपतीचे, मंदिर ही तिन्ही या रस्त्यांवर काही मिनिटांच्या अंतरात आहेत. या मशिदीला घुमट नाही. तिचे छप्पर उतरते आणि तीन टप्प्यांचे आहे, तर मिनार एखाद्या पॅगोडासारखा आहे. असे का, याचे उत्तर बांधणाऱ्यांच्या मिश्र वस्तीत आहे आणि ते कोणी सांगितल्याशिवाय समजत नाही. हीरन स्ट्रीटवरील बाबा-न्योन्यांच्या, म्हणजे इथे स्थायिक होऊन मलाय चालीरीती उचललेल्या चिनी कुटुंबांच्या, घरांचेही तसेच आहे. दर्शनी भाग अरुंद आणि घर आत खोलवर गेलेले, मध्ये उजेडासाठी उघडा चौक. वाड्यांत वावरलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल.

या फेरीची अट एवढीच की मुक्काम मलाक्कातच करावा आणि सकाळी लवकर निघावे. जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवार भरतो. त्याची हौस नसेल तर आठवड्याच्या मधले दिवस अधिक शांत असतात.

गाडीसह स्वतंत्र मार्गदर्शक हा तिसरा आणि सर्वांत महाग पर्याय असला, तरी तो बहुधा पूर्ण गटाचा दर असल्यामुळे चार-पाच जणांत फारसा जड जात नाही. आईवडील सोबत असतील तर हाच घ्यावा. त्याचा दुसरा मोठा लाभ असा की पायी फेरीत न येणाऱ्या दोन वस्त्या यात पाहता येतात. कंपुंग चेट्टी इथे जुन्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज राहतात. घरात मलाय बोलणारी ही कुटुंबे आजही हिंदू आहेत. उजोंग पासिर इथल्या पोर्तुगीज वस्तीत क्रिस्तांग ही पोर्तुगीजमिश्रित बोली टिकून आहे. रायगड जिल्ह्यातील कोर्लईत अशीच एक पोर्तुगीजमिश्रित बोली अजून बोलली जाते, हे ठाऊक असणाऱ्याला ही भेट विशेष वाटेल.

नदीतील बोटफेरी पाऊण तासाची असते. ती संध्याकाळी दिवे लागल्यावर विसाव्यासाठी करावी, इतिहासासाठी नव्हे. सजवलेल्या सायकलरिक्षांचेही तेच.

मार्गदर्शक निवडताना मलेशियाच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना आहे का, हे विचारावे. शहरी मार्गदर्शकांचा बिल्ला निळा असतो. हिरवा बिल्ला निसर्गसहलींचा. त्याहून नेमकी परीक्षा म्हणजे फेरीचा मार्ग आधी लिहून मागणे, आणि त्यात नदीपलीकडे किती वेळ दिला आहे ते पाहणे. डचांच्या इमारती पूर्वीपासून लाल होत्या का, हेही विचारावे. त्या मुळात पांढऱ्या होत्या आणि लाल रंग इंग्रजांच्या अमलात आला. जाणकार माणूस हे उत्तर आनंदाने देतो.

एकट्याने किंवा जोडीने जाणाऱ्यांनी एक रात्र राहून पायी फेरी घ्यावी. क्वालालंपूरमधला मुक्काम हलवणे शक्य नसेल आणि एकच दिवस हाती असेल, तर सहलीच्या बसऐवजी क्वालालंपूरच्या तेरमिनल बर्सेपादु सेलातान या बसस्थानकावरून पहाटेची साधी बस पकडावी आणि मलाक्कात उतरून अर्ध्या दिवसाचा स्थानिक मार्गदर्शक घ्यावा. वेळ तेवढाच लागतो, पण तो आपल्या हाती राहतो. लहान मुले असतील आणि धावपळ नको असेल, तर बसची सहल घेण्यात काही गैर नाही. फक्त मोकळ्या वेळात बाजाराऐवजी गणपतीच्या मंदिरापर्यंत चालत जावे.

टेकडी मात्र कोणत्याही पर्यायात मार्गदर्शकाविना, उतरत्या उन्हात पुन्हा एकदा चढावी. पायथ्याशी पोर्तुगीज किल्ल्याची एकच वेस उभी आहे; १८०७ साली इंग्रजांनी उरलेला किल्ला पाडला. वर सेंट पॉलचे छप्पर नसलेले चर्च आहे आणि त्याच्या फरशीत जाळीने झाकलेला एक रिकामा खड्डा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह १५५३ साली काही महिने तिथे पुरलेला होता. तिथून तो गलबताने गोव्याला नेण्यात आला आणि आज जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेत आहे.